हुरड्याचं कणीस पिंजऱ्याला बांधा

पत्र, थोडक्यात: जुळे सोलापुरातल्या एका ताईंचं पत्र आहे. मुलगी गेल्या जूनमध्ये शिकायला पुण्याला गेली आणि तिचा सहा वर्षांचा कॉकटील (छोटा ऑस्ट्रेलियन पोपट), बिट्टू, आईच्या हवाली झाला. आजवर तो दुकानातल्या सूर्यफूल आणि कांगणीच्या मिश्रणावर वाढला. आता मुलगी व्हिडिओ बघून रोज फोनवर सांगते, की नुसत्या बियांनी बिट्टूचं लिव्हर खराब होईल, त्याला रोज ताजं, घरी केलेलं, सात रंगांचं खाणं हवं. ताई दोन महिने रोज पहाटे तास-दीड तास राबतायत. केल नावाची पालेभाजी, किन्वा, ब्लूबेरी असं काय काय ऑनलाइन मागवून झालं. बिट्टू वाटी उलटी करतो आणि रुसून बसतो. दुपारी जीव राहवत नाही म्हणून ताई बियांची वाटी लावतात. सूर्यफूल वाईट असं ऐकल्यामुळे हल्ली त्यात करडई घालतात. मुलीला मात्र भरलेल्या ताटलीचा फोटो जातो, खाली 'सगळं संपवलं' असं लिहून. सासूबाई मंगळवेढ्याकडच्या. त्या म्हणतात, 'पाखराला कसला गं स्वयंपाक? दाणे टाक की.' ताई विचारतात: कुणाचं ऐकू? माझं कुठं चुकतंय? आणि लेकीशी खोटं बोलतेय, त्याची रुखरुख जात नाही.

---

ताई,

खोटं बोलण्याचं शेवटी बोलू. आधी वाटीकडे येते.

तुम्ही लिहिलंय, 'एवढं करून तो तोंड लावत नाही, म्हणजे माझ्या हातालाच चव नाही.' ताई, बिट्टूनं तुमच्या हातची चव अजून घेतलेलीच नाही. समोर ठेवलंय ते खाणं आहे, हेच त्याला उमगलेलं नाही. काय खायचं हे पिल्लू आईबापाकडे आणि थव्याकडे बघून शिकतं. बिट्टू पिंजऱ्यात वाढला. सहा वर्षं त्यानं एकाच आकाराचे कोरडे दाणे सोलले. गाजराचा ओला नारिंगी तुकडा त्याच्या लेखी वाटीत पडलेला खडा आहे, आणि खडा दिसला की पाखरू तो उचलून बाहेर टाकणारच. माझ्या पहिल्या कॉकटीलनं मेथीचं पान नुसतं चोचीत धरायला अकरा आठवडे लावले होते. त्या अकरा आठवड्यांत मीही तुमच्यासारखीच रडकुंडीला आले होते. तुमचे तर आत्ता दोनच महिने झालेत.

आता लेकीचं कुठं बरोबर आहे ते सांगते, कारण तिचं बरंचसं बरोबर आहे. सूर्यफुलाच्या गरात निम्मं तेल असतं. ऑस्ट्रेलियाच्या माळावर दिवसभर मैलोन् मैल उडणाऱ्या पाखराला ते पचेल. पिंजऱ्यातून पडद्याच्या दांडीवर आणि दांडीवरून पिंजऱ्यात एवढंच उडणाऱ्या बिट्टूच्या अंगात ती चरबी साठते, आणि आधी साठते यकृतात. शिवाय कोरड्या बियांत कॅल्शियम कमी आणि अ जीवनसत्त्व जवळजवळ नाहीच. ते कमी पडलं की नाकाघशाची आतली कातडी कोरडी, जाड होते आणि पाखरू वरचेवर सर्दीनं, श्वासाच्या त्रासानं आजारी पडतं. बियांवर वाढलेल्या पोपटवर्गीय पक्ष्यांत डॉक्टरांना हे नेहमी दिसतं. आणि करडईनं यातलं काही सुधारत नाही. दुकानदार ती 'हलकी' म्हणून देतात, पण तीही तेलबीच. आपल्या जिल्ह्यात करडई पिकते, तिचं तेल आपण खातो, तेव्हा हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

पण सासूबाईंचंही बरोबर आहे, आणि ते कुणी त्यांना सांगितलेलं दिसत नाही. लेकीनं पाहिलेले ते सात रंगांचे व्हिडिओ बहुतेक मोठ्या पोपटांचे असतात, मकाव, आफ्रिकन ग्रे अशांचे. त्यांचं रानातलं खाणं फळांचं, कवचाच्या बियांचं. कॉकटील हा गवताचं बी टिपणारा पक्षी आहे. रानात तो जमिनीवर उतरून दाणे वेचतो. ऑस्ट्रेलियात हे थवे ज्वारीच्या शेतात उतरतात, आणि तिथं त्यांची आवड काय आहे ठाऊक आहे? पिकलेल्या टणक दाण्यापेक्षा कोवळा, मऊ दाणा त्यांना जास्त आवडतो. म्हणजे हुरडा! तुमच्या सासूबाई जिथल्या आहेत त्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, आणि तुम्ही बिट्टूसाठी सातासमुद्रापारचा किन्वा मागवताय.

म्हणून 'दाणे टाक' हे चूक नाही. कुठले दाणे, किती आणि कशासोबत, एवढंच ठरवायचंय. दुकानदार ज्याला कांगणी म्हणतो ते आपलं राळं. ते ठेवा. बाजरी, ज्वारी, थोडी वरई चालेल. सूर्यफूल आणि करडई वाटीतून काढा आणि हातातून द्या, दिवसाला चार-पाच दाणे, खांद्यावर येऊन बसला की शाबासकी म्हणून. बाकी कोरडे दाणे दिवसभरात एक मोठा चमचा सपाट भरून पुरतात.

इथं एक गोष्ट जवळून पाहायला सांगते, कारण ती चुकली तर बाकी सगळं वाया जातं. कॉकटील दाणा सोलून खातो आणि टरफल वाटीतच टाकतो. वरून पाहिलं की वाटी काठोकाठ भरलेली दिसते. मी लहान असताना आमच्याकडे बजी होते, बाजारात ज्यांना लव्हबर्ड म्हणून विकतात ते. वाटी भरलेली आहे असं समजून आम्ही दोन दिवस दाणे घातले नव्हते. आईनं सहज फुंकर मारली तर सगळा भुसा उडाला आणि तळाला सहा दाणे निघाले. तेव्हा रोज सकाळी वाटीवर फुंकर मारा, मगच भरलेली आहे म्हणा.

आता ताज्या खाण्याचं. तुम्ही धरून चाललाय की ते वेगळं शिजवायचं, वेगळं मागवायचं आणि रोज सात रंगांचं करायचं. मला यातलं एकही खरं वाटत नाही. तुमच्या ओट्यावर रोज सकाळी भाजी निवडली जातेच. मीठ, तेल, फोडणी पडायच्या आधी त्यातली चिमूटभर बाजूला काढायची, हाच बिट्टूचा स्वयंपाक. विविधता एका वाटीत लागत नाही, ती आठवड्यात आली की झालं. मेथी निवडताय, चार पानं त्याची. उद्या गाजराची कोशिंबीर आहे, दाणे-मीठ घालायच्या आधी अर्धा चमचा कीस त्याचा. मटकीला मोड आलेत, उसळ टाकायच्या आधी दहा-बारा दाणे त्याचे. लाल भोपळा, रताळं वाफवून कुस्करलेलं. मक्याच्या कणसाचे चार दाणे. ढोबळी मिरची बियांसकट. हिरवी मिरचीसुद्धा, कारण पाखरांना तिखट लागतच नाही, मिरचीतलं जे आपल्याला झोंबतं ते त्यांच्या जिभेला कळत नाही. त्या केलच्या जागी शेवग्याचा पाला घ्या. अ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम दोन्ही त्यात भरपूर, आणि जुळे सोलापुरात गल्लीत एखादा तरी शेवगा उभा असतोच. ब्लूबेरीऐवजी आपल्या डाळिंबाचे चार दाणे, तेही आठवड्यातून दोनदा. फळात साखर फार असते, कॉकटीलला ती तेवढीच बरी. पालक आठवड्यातून एकदा बस, त्यातलं ऑक्झॅलिक ॲसिड कॅल्शियम अडवून ठेवतं.

भाजी चिरायची किती बारीक, हे शब्दांत सांगणं अवघड आहे. राळ्याच्या दाण्याहून जेमतेम मोठी, कोथिंबीर अगदी बारीक चिरतो तशी. मग ती स्वच्छ फडक्यावर पसरून पाणी टिपून घ्या. ओलसर चालते, पाण्यात निथळणारी नको. तिच्यात चमचाभर शिजवून गार केलेली ज्वारीची कणी मिसळा, म्हणजे भाजी दाण्याला चिकटते. वरून राळं भुरभुरा आणि बोटानं हलकं दाबा. राळं टिपता टिपता चोचीला मेथी लागेल. पहिले पंधरा दिवस तो राळं नेमकं वेचून मेथी झटकेल, तरी ते वाया गेलं असं समजू नका. एवढं सगळं मिळून पोह्याच्या चमच्यानं दोन चमचे होतं. कॉकटीलला त्याहून जास्त लागत नाही, आणि तुम्ही वाडगाभर करत होतात!

रविवारी वेळ असेल तर आठवड्याचं एकदम चिरून छोट्या डब्यांत फ्रीझरमध्ये ठेवलं तरी चालतं. रोज एक डबी काढायची, गारठा उतरू द्यायचा, पाणी टिपायचं. उरलेलं परत गोठवायचं नाही. मोडांचं मात्र जपा. दिवसातून दोन-तीनदा धुवा, शेपूट फुटली की लगेच द्या, आणि वास जरा जरी आंबट आला तर सगळे टाकून द्या. राजमा, पावटा, घेवडा अशी कडधान्यं कच्ची कधीच नकोत, नीट शिजवलेलीच.

वेळ पाळा. सकाळी उठल्यावर पोट रिकामं असतं, तेव्हा ही वाटी आधी. दीड-दोन तासांनी ती काढायची, मग मोजके दाणे, संध्याकाळी उरलेले. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४२-४३ पर्यंत चढतो, त्या दिवसांत ओली वाटी तासाभरातच बाहेर. पाण्याचंही तसंच. नळ काही दिवसांआड येतो, आपण साठवून वापरतो, पण त्याच्या वाटीतलं पाणी दोन वेळा बदला आणि आपण पितो तेच द्या. त्यात जीवनसत्त्वाचे थेंब घालू नका. पाणी लवकर खराब होतं, चव बदलली म्हणून पाखरू पाणी पिणं सोडतं, आणि अ जीवनसत्त्व जास्त झालं तरी ते अपायच करतं.

'भूक लागली की खाईल' म्हणून बिया पूर्ण बंद करण्याचा सल्ला तुम्हाला कुणी ना कुणी देईल. ऐकू नका. एवढंसं पाखरू एक-दोन दिवसांच्या उपासानंही दगावू शकतं, आणि आजारी असेल तर ते शेवटपर्यंत लपवतं. त्याऐवजी एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या. रोज सकाळी, खाण्याआधी, बिट्टूला त्यावर उभं करा आणि आकडा कॅलेंडरवर लिहा. कॉकटील साधारण ८० ते ११० ग्रॅमचा असतो. समजा बिट्टू ९० ग्रॅमचा आहे. दोन-तीन ग्रॅम इकडेतिकडे चालतं. ८१ च्या आसपास आला, म्हणजे दहावा हिस्सा गेला, की सगळे प्रयोग थांबवा, नेहमीचे दाणे भरपूर द्या आणि डॉक्टर गाठा. पिसं फुगवून तळाशी बसणं, श्वासागणिक शेपूट हलणं, ही लक्षणं दिसली तर वजनाची वाटही बघू नका. पक्षी तपासणारा डॉक्टर आत्ताच शोधून ठेवा. आपल्याकडे बहुतेक पशुवैद्य गुरं आणि कुत्री पाहणारे, ऐनवेळी शोधाशोध नको. भाजी सुरू झाली की विष्ठा थोडी पातळ होईल आणि बीट किंवा डाळिंबानं लालही दिसेल, त्याला घाबरू नका.

जे अजिबात द्यायचं नाही: ॲव्होकॅडो, चॉकलेट, चहा-कॉफी, दारू, कांदा, लसूण, सफरचंदाच्या बिया, खारवलेलं काहीही. आपली शेंगाचटणीही नाही. शेंगदाणे कच्चेही नकोत, त्यांना दिसत नाही अशी बुरशी लागते आणि तिचं विष यकृतावरच जातं. चहात बुडवलेली चपाती आपल्याकडे घरोघरी पोपटाला देतात, तीही नको, दूध पाखरांना पचत नाही. बिनमिठाच्या भाकरीचा कोरडा पापुद्रा अधूनमधून चालेल. आणि तुम्ही लिहिलंय की पिंजरा स्वयंपाकघराच्या दारात टांगलेला आहे. तो आजच हलवा. नॉनस्टिकचा तवा रिकामा जास्त तापला तर त्याच्या वाफेनं पाखरू मिनिटांत मरतं, आणि आपल्याला वाससुद्धा येत नाही.

पेलेट्सचा, म्हणजे पक्ष्यांसाठी तयार मिळणाऱ्या खाण्याच्या गोळ्यांचा, पर्याय तुम्ही विचारला नाहीत, पण तो खरा पर्याय आहे. घरचं खाणं कितीही मनापासून केलं तरी त्यात सगळं योग्य प्रमाणात जाईलच असं नाही, म्हणून बरेच पक्षीवैद्य निम्म्याहून जास्त भाग पेलेट्सचा ठेवायला सांगतात. महाग आहेत, आणि बिट्टू तेही पहिल्यांदा फेकेलच. मी तुमच्या जागी असते तर आधी त्याला भाजी ओळखायला शिकवली असती, मग डॉक्टरांना विचारून हळूहळू पेलेट्स आणल्या असत्या. दोन्ही एकदम नको. कॅल्शियमसाठी पिंजऱ्यात समुद्रफेसाचा तुकडा अडकवा. पक्ष्यांच्या दुकानात त्याला कटलबोन म्हणतात, काष्ठौषधींच्या दुकानातही मिळतो. पूड नको, अख्खा तुकडा मागा. आणि सकाळचं कोवळं ऊन अंगावर पडू द्या, काचेआडून नव्हे. कॅल्शियम अंगी लागायला लागतं ते ड जीवनसत्त्व काचेतून येणाऱ्या उन्हानं तयार होत नाही. बाल्कनीत पिंजऱ्याचा अर्धा भाग सावलीत ठेवा, म्हणजे त्याला हवं तेव्हा सरकता येईल.

आता सासूबाई. तुम्ही सहज लिहून गेलात, की त्या भाजी निवडायला बसल्या की बिट्टू त्यांच्या खांद्यावर जाऊन बसतो. अख्ख्या पत्रात मला सर्वांत आशेची वाटली ती ही ओळ. मघाशी म्हटलं ना, पाखरू थव्याकडे बघून खायला शिकतं? त्याचा थवा तुमच्या घरात भाजी निवडत बसलाय. सासूबाईंना एवढंच सांगा, की मेथीचं एक कोवळं पान त्यांनी त्याच्यासमोर स्वतः चघळावं, त्याला देऊ करू नये, मागितलं तरी दोन-तीनदा हात मागे घ्यावा. आपल्या तोंडात घातलेलं मात्र त्याला द्यायचं नाही, आपल्या लाळेतले जंतू त्याला बाधतात. कोथिंबिरीची जुडी धुऊन ओलीच पिंजऱ्याला उलटी टांगली तर कितीतरी कॉकटील आधी तिच्यात आंघोळ करतात आणि मग कुरतडतात.

आणि हुरडा. संक्रांत झाली, गड्डा यात्राही उरकत आली, म्हणजे मळ्यात कणसं दुधात-चिकात आहेत. गावाकडून कुणी येणार असेल तर दोन-तीन कणसं न भाजता आणायला सांगा, फवारणी न झालेल्या वावरातली. कोवळ्या ज्वारीचा पाला विषारी असतो म्हणून गुरांना घालत नाहीत, हे सासूबाईही तुम्हाला सांगतील. त्याच कारणानं पानं, धाट सगळं काढून फक्त कणीस धुऊन पिंजऱ्याला आतून बांधा. हे त्याच्या जातीचं खाणं आहे, आकार दाण्याचा आहे आणि आत ओलावा आहे. कोरड्या बियांवरून ताज्या खाण्याकडे जाताना यापेक्षा सोपी पहिली पायरी मला सुचत नाही.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी एक सांगायलाच हवं. तुमच्या पिंजऱ्यात आपला देशी हिरवा पोपट असेल, गळ्यात लाल-काळा कंठ असलेला, तर प्रश्न खाण्याचा नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो पकडणं, विकणं, घरी ठेवणं गुन्हा आहे. वनखात्याशी बोला. स्वतःहून आकाशात सोडून देऊ नका, पिंजऱ्यात वाढलेला पोपट बाहेर जगत नाही. कॉकटील आणि बजी विदेशी म्हणून पाळता येतात. कोन्यूर, आफ्रिकन ग्रे, मकाव असे विदेशी पोपट असतील तर केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते.

आता लेक. ताई, ती तुमच्यावर जी चिडते ना, त्यातलं बरंचसं ती स्वतःवर चिडलेली आहे. सहा वर्षं बिया तिनंच दिल्या. आता कळलंय आणि हाताशी पाखरू नाही. खोलीवर एकटी बसून ती व्हिडिओ बघते आणि तुम्हाला फोन करते. तिला फोटो पाठवून तुम्ही तिची काळजी हलकी केलीत असं तुम्हाला वाटतं, पण त्यामुळे तिला एक भलतीच गोष्ट पटलीय, की बिट्टू सगळं खातो आणि जमतंय. उद्या तो आजारी पडला तर डॉक्टरांना ती तेच सांगेल.

आज रात्री फोन करा. 'तो खात नाही गं, मी बियाच देते, ते फोटो खरे नव्हते,' एवढं तीन वाक्यांत सांगून टाका. रागावेल. दहा मिनिटं बोलणारही नाही कदाचित. मग तिला काम द्या: रोजचा वजनाचा आकडा तुम्ही पाठवायचा, तिनं वहीत उतरवायचा. उलट्या वाटीचा फोटो पाठवायचा, सांडलेल्या मेथीसकट. आणि सुट्टीला आली की चार दिवस सकाळची वाटी तिनं भरवायची. त्याची माणूस तीच आहे, तिच्या हातून तो बहुधा लवकर घेईल. तसं झालं तर तुम्ही वाईट वाटून घेऊ नका.

हुरडा फार तर आणखी महिनाभर मिळेल. सासूबाईंना आजच विचारा, गावाकडून कोण येतंय ते.